पोटखराब्याची किंमत

आमच्या सातबाराच्या उताऱ्यावर पंधरा गुंठे पोटखराबा लागलेला आहे. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. जिथे पीक येत नाही आणि ज्यावर आकार बसत नाही, ती जमीन पोटखराब. कुणाचा नाला असतो, कुणाचा कातळ. आमचा पोटखराबा म्हणजे वाळूची टेकडी. दीड एकराची माड-पोफळीची बाग आणि समुद्राची पुळण यांच्या मधोमध ती पसरली आहे. लांबी दोनशे फूट, रुंदी ऐंशी फूट, उंची कुठे पुरुषभर तर कुठे दीड पुरुष. वर मर्यादवेलीचे जाळे, केवड्याची दोन बेटे आणि बागेच्या अंगाला उंडीची चार झाडे. ह्या पंधरा गुंठ्यांनी आमच्या घरातल्या चार भावांना एकदा समोरासमोर बसवले, त्याची ही हकिकत.

मी मूळची घाटावरची. कराडच्या बाजूला माझे माहेर. १९८४ साली लग्न होऊन दापोलीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मला दोन गोष्टींचे नवल वाटले. एक विहिरीचे. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचे पाणी मात्र गोड. दुसरे ह्या टेकडीचे. आमच्याकडे वीतभर बांध कोरला म्हणून भावाभावांचे कोर्टकज्जे चालत. तशा मुलखातून आलेल्या मुलीला पंधरा गुंठे मोकळे सोडलेले बघवतील कसे?

मी मामंजींना विचारले, "मामंजी, ही जागा अशीच का हो ठेवली? निदान काजू तरी लावू या."

मामंजी नारळ सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, तो आपला बांध आहे. पावसाळा येऊ दे, मग बघ."

त्या वर्षी जुलैच्या अवसेला उधाण आले, ते मी पडवीतून पाहिले. पश्चिमेचा वारा सुटलेला. लाट पुळणीवरून धावत येई आणि टेकडीच्या पायथ्याशी आपटे. प्रत्येक लाटेसरशी वाळूचा लगदा ढासळे. दोन दिवसांत टेकडीची पुढची बाजू कापलेल्या खरवसासारखी उभी दिसू लागली. माझा जीव खालीवर होत होता. मामंजी मात्र स्वस्थ. "खाऊ दे. त्याचेच आहे, तोच आणून देईल," एवढेच म्हणाले. आणि खरोखरच दिवाळीनंतर पुळण भरू लागली. शिमग्यापर्यंत टेकडीचा कापलेला उतार पुन्हा पूर्वीसारखा झाला.

हे कसे होते, ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो, पण फार लांब नेत नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा वरंबा घालतो. मग पुढच्या मोठ्या लाटा त्या वरंब्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचा जोर मोडतो. म्हणजे टेकडी आपल्या अंगची माती, म्हणजे वाळू, देऊन पुढे दुसरा बांध उभा करते. पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू पुळणीवर परत आणून टाकतात. ऊन तिला सुकवते आणि दुपारचा वारा तिला टेकडीकडे उडवत आणतो. तिथे मर्यादवेल वाट बघत असते. ह्या वेलीला पेराला पेर मुळे फुटतात, जांभळी फुले येतात. उडत आलेली वाळू तिच्या पानांत अडते, वेल गाडली जाते, पुन्हा वर डोके काढते, पुन्हा वाळू अडवते. समुद्राने इथवर यावे आणि पुढे येऊ नये, अशी खूण म्हणून कुणी शहाण्या माणसाने तिला मर्यादवेल म्हटले असावे.

विहिरीच्या गोड पाण्याचे कोडेही हीच टेकडी सोडवते. आमच्या भागात पावसाळ्यात सव्वाशे इंचांच्या वर पाऊस पडतो. कातळावरचे पाणी वाहून जाते, वाळू मात्र ते पिऊन घेते. गोडे पाणी हलके, समुद्राचे जड. म्हणून जमिनीच्या पोटात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. भूजलाच्या शास्त्रात ह्याचा एक साधा हिशेब आहे. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी साठले असेल, तर त्या पातळीच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. वरचे एक फूट पाणी कमी झाले की खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढायला मोकळे. वाळू उचलली की पाणी मुरवणारी जागा गेली. मग पंप लावून विहीर उपसणाऱ्या माणसाच्या तोंडी मचूळ पाणी आले तर दोष कुणाचा?

आमच्याच तालुक्यात खाडीच्या कडेला ज्यांची भातशेती आहे, त्यांना बांधाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तिथे खारबंधारा घालावा लागतो, उघाडीची दारे सांभाळावी लागतात, दरवर्षी खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात. एका उधाणाला खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले, की पुढची दोन-तीन वर्षे भात धड येत नाही. तो बंधारा माणसाने घातला, म्हणून त्याच्यावर झालेला खर्च सर्वांच्या लक्षात राहतो. वाळूचा बांध घालायला कुणाला दमडी पडली नाही. त्यामुळे तो कागदावर पोटखराब राहिला.

आमच्या दक्षिणेला एक हिस्सा आहे. मालक बाहेरगावी असतात. २०१३ च्या सुमारास त्यांनी तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या. खोलीच्या व्हरांड्यातून समुद्र दिसला पाहिजे आणि मधे तर टेकडी. दोन उन्हाळ्यांत ती सपाट झाली. वाळू रात्रीच्या डंपरने भरावाला गेली. सपाट जागेवर हिरवळ लावली, पांढऱ्या खुर्च्या मांडल्या. कायद्याचे म्हणाल तर १९९१ पासून किनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना आहे, २०११ आणि २०१९ साली ती नव्याने निघाली, आणि वाळूच्या टेकड्या तिने सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातल्या आहेत. पण कायदा दिवसा जागा असतो आणि डंपर रात्री फिरतो.

तीन-चार पावसाळे काही झाले नाही. समुद्राला घाई नसते. मग एका श्रावणात उधाणाचे पाणी हिरवळीवरून थेट त्यांच्या पोफळीत गेले. दुसऱ्या वर्षी पुढच्या ओळीतले पाच माड मुळासकट आडवे झाले. विहीर मचूळ झाली, तेव्हापासून तिथे पाहुण्यांना पिण्याचे पाणी बाहेरून आणतात. शेवटी मालकांनी काळ्या दगडांची भिंत घातली. आणि इथून आमच्या दुखण्याला सुरुवात झाली. दगडी भिंत लाटेचा जोर पोटात घेत नाही, तो परत फेकते. परत जाणारे पाणी भिंतीच्या पायाची वाळू उकरते, आणि भिंत जिथे संपते तिथे वळसा घेऊन शेजाऱ्याच्या जमिनीत घुसते. तो शेजारी म्हणजे आम्ही. भिंत झाल्यापासून आमच्या टेकडीचा दक्षिण कोपरा जो कापला जाऊ लागला, तो पूर्वीसारखा भरून येईना.

अशातच ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले. आमच्या बागेतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. माडही पडले. टेकडीने आम्हाला त्या वादळातून वाचवले असे मी म्हणणार नाही. तो वारा डोक्यावरून आला होता, त्याला वाळू काय करणार? टेकडी पाणी अडवते, वारा नाही. पण ह्या वादळाने घराचे कंबरडे मोडले. पोफळ नव्याने लावली तर हाती सुपारी यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. माडाला त्याहून जास्त. तेवढी वर्षे खायचे काय?

नेमक्या अशा वेळी ठेकेदार दारात आला. बोलायला गोड. "काका, ही पडीक जागा आहे. मी सपाट करून देतो, वर ब्रासला पाचशे रुपये देतो. पुढे तुम्ही तिथे चार खोल्या बांधा, पर्यटक येईल." ह्यांनी त्याला चहा दिला आणि भावांना विचारून सांगतो म्हणाले.

घरातले राजकारण मी सांगत बसत नाही. धाकट्या भाऊजींना त्या वर्षी पैशांची खरीच नड होती. मुंबईतली नोकरी गेलेली, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांचे म्हणणे सरळ होते. सामाईक जमीन आहे, वाळू विकली तर चौघांना हिस्सा मिळेल. निसर्ग राखा म्हणणाऱ्यांना पोट नसते का, असे ते फोनवर ह्यांना म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. टाळेबंदीमुळे सगळे एकत्र येऊ शकले नाहीत, म्हणून निर्णय लांबला. मधेच २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले. ह्या खेपेला वाऱ्याबरोबर समुद्रही आला. दक्षिणेच्या हिश्श्यात पाणी भिंतीवरून उडून बागेच्या मध्यापर्यंत गेले. आमच्या बाजूला ते टेकडीच्या माथ्याखाली अडले. कापलेल्या कोपऱ्यातून थोडे आत आले, तेवढ्या पट्ट्यात पोफळीची रोपे करपली.

त्या वर्षी गणपतीला चौघे भाऊ आले. दुसऱ्या दिवशी आरती आणि जेवणे उरकल्यावर माजघरात बैठक बसली. थोरल्या भाऊजींची मुलगी स्थापत्य शिकून बंदरांच्या कामावर आहे. ती म्हणाली, "काका, भांडू नका. आधी हिशेब मांडू." तिने भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात वाळू. दोनशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद, सरासरी सहा फूट उंच. शहाण्णव हजार घनफूट, म्हणजे ९६० ब्रास. पाचशे रुपयांनी चार लाख ऐंशी हजार. चौघांत वाटले तर प्रत्येकी एक लाख वीस हजार. धाकट्या भाऊजींनी मान डोलावली.

दुसऱ्या रकान्यात तिने आधी भिंत लिहिली. टेकडी गेल्यावर भिंत लागणारच. धूप थांबवणाऱ्या दगडी बंधाऱ्याचा खर्च कोटींत मोजतात. तिने मुद्दाम अगदी कमी, किलोमीटरला एक कोटी असा आकडा धरला. आमचे दोनशे फूट म्हणजे साठ मीटर. सहा लाख रुपये. पहिला रकाना इथेच संपला होता. भिंतीचे दगड वाळूत खचतात, दर काही वर्षांनी वर नवे टाकावे लागतात, तो खर्च तिने धरलाच नाही.

मग माड. वादळापूर्वी नव्वद होते. माडाला वर्षाला सत्तर नारळ आणि नारळाला पंधरा रुपये धरले, तर एका माडाचे हजार-पन्नास. पाडणावळ, खत, शिंपणे वजा जाता पाचशे रुपये हाती राहिले असे समजा. नव्वद माडांचे पंचेचाळीस हजार. बाग पुन्हा उभी राहिली तर अकरा वर्षांच्या आत नुसत्या नारळाचेच वाळूइतके पैसे होतात, सुपारी वेगळी. आणि चांगला बाणवली माड साठ-साठ वर्षे फळतो. वाळू मात्र एकदाच विकता येते.

"आणि विहीर?" थोरल्या जाऊबाईंनी दारातून विचारले. मुलीने "विहीर" असा शब्द लिहिला आणि पुढे आकडा मोकळा ठेवला. दक्षिणेच्या घरात पाणी विकत येते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. नेदरलँड्स नावाच्या देशाची पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत तिथे समुद्र बांध फोडून आत घुसला आणि अठराशेच्या वर माणसे बुडाली. त्या देशाने पुढे काँक्रीटची मोठमोठी कामे केली, पण किनाऱ्याचा बराच भाग अजूनही वाळूच्या टेकड्यांवरच सोपवला आहे. तिथे टेकड्यांवर गवत लावतात, कुंपणे घालतात. अॅमस्टरडॅम शहर १८५३ पासून ह्या टेकड्यांतले पाणी पिते. आणि किनारा झिजू नये म्हणून तो देश समुद्राच्या तळातून वाळू काढून किनाऱ्यावर आणून टाकतो. २००१ पासून हे प्रमाण वर्षाला सुमारे एक कोटी वीस लाख घनमीटर ठेवले गेले. मुलीने लगेच ब्रासमध्ये करून दाखवले. सुमारे बेचाळीस लाख ब्रास, दर वर्षी! २०११ साली त्यांनी एकाच ठिकाणी ७६ लाख ब्रास वाळू ओतली. लाटांनी आणि वाऱ्याने ती हळूहळू आजूबाजूच्या किनाऱ्यावर पसरवावी, अशी योजना. त्याला सुमारे सात कोटी युरो लागले.

"म्हणजे ते पैसे देऊन वाळू आणून टाकतात, आणि आपण पैसे घेऊन उचलून देणार," हे म्हणाले.

आपल्या देशातलेही तिने सांगितले. १९९० ते २०१८ या काळात भारताच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश झिजत असल्याचे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने मोजले आहे. २००४ च्या सुनामीनंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तमिळनाडूचा किनारा पाहिला, तेव्हा जिथे वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरची झाडी शाबूत होती तिथे मागे नुकसान कमी झालेले त्यांना आढळले.

धाकटे भाऊजी बराच वेळ दिनदर्शिकेकडे बघत होते. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण माझी फी ऑक्टोबरात भरायची आहे. माड माझे पैसे अकरा वर्षांनी देणार."

माजघरात कुणी बोलले नाही. माझ्या मते त्या बैठकीतले सर्वांत खरे वाक्य हेच होते. टेकडी राखली तर फायदा बागेला, विहिरीला, मागच्या आळीतल्या दहा घरांना आणि रस्त्यालासुद्धा. विकायची नाही तर तोटा मात्र एकट्या मालकाला. सरकार वाळू उचलू नका म्हणते, ते योग्यच आहे. पण राखल्याबद्दल कुणाला एक रुपया देत नाही. निसर्ग वादळानंतर तलाठी आले, त्यांनी मोडलेले माड मोजले, पोफळी मोजल्या, कौले मोजली. टेकडीचा कोपरा गेला तो कुठे लिहायचा, असे मी विचारले. पंचनाम्यात वाळूचा रकानाच नव्हता.

तोड अखेर घरातच काढावी लागली. थोरल्या भाऊजींनी आणि ह्यांनी मिळून साठ-साठ हजार काढले आणि मधल्यांनी त्यांच्या सवडीने भर घातली. धाकट्या भाऊजींना एक लाख वीस हजार दिले, उसने म्हणून नव्हे, हिस्सा म्हणून. त्या बदल्यात चौघांनी एका कागदावर सह्या केल्या, की टेकडीची वाळू कुणी विकायची नाही आणि तिच्यावर काही बांधायचे नाही. ह्यांनी बँकेतली ठेव मोडली. माझ्या मनात त्या ठेवीतून पाटल्या करायच्या होत्या, त्या राहिल्या. ठेकेदाराला निरोप गेला. तो पुढच्या गावी गेला, तिथे त्याला टेकडी मिळाली असे ऐकते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही दक्षिणेच्या कोपऱ्याचे काम हाती घेतले. करायला सोपे आहे, म्हणून सांगते. बागेत झावळ्या पडतातच. त्या पुळणीच्या वरच्या कडेला, भरतीच्या रेषेपासून आत, कंबरेएवढ्या उंचीच्या उभ्या रोवायच्या. वई गच्च विणायची नाही. निम्मी झावळी, निम्मी फट. गच्च वईवर वारा आपटतो आणि पायथा उकरतो. फटीतून गेला की त्याचा वेग कमी होतो आणि वाळू मागे पडते. वई गाडली गेली की तिच्यावर दुसरी. पावसाच्या पहिल्या सरीला मर्यादवेलीचे हात-हातभर तुकडे, दोन-तीन पेरे वाळूत जातील असे लावायचे. गुरे आणि माणसे त्या पट्ट्यात जाऊ द्यायची नाहीत. समुद्रावर जायची वाट सरळ काढली की तिच्यातून वारा घुसतो आणि घळ पडते, म्हणून आम्ही ती तिरकी, वळणाची केली. पुष्कळ ठिकाणी सुरूची लावण करतात. सुरू मागच्या अंगाला ठीक आहे, पण अगदी पुढे लावला तर त्याच्या सावलीत आणि काडीकचऱ्यात वेल जगत नाही, असा माझा अनुभव.

शेजारची भिंत आहे तोवर कोपरा पूर्ण भरेल अशी आशा मी करत नाही. समुद्राची पातळीही वाढते आहे. खाडीतली वाळू उपसत राहिले तर पुळणीला वाळू येणार कुठून, हाही प्रश्न आहे. पण पहिल्या वर्षी शिमग्याला झावळ्या गुडघाभर गाडल्या गेल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात तीन फूट वाळू गेली, त्यातली दोन फूट परत आली. तिसरी वई आता टेकडीच्या पोटात आहे आणि चौथीसाठी झावळ्या गोठ्याच्या मागे रचून ठेवल्या आहेत. मर्यादवेल दोन वयांच्या पलीकडे गेली. धाकट्या भाऊजींचा मुलगा शिकून नोकरीला लागला. तो मे महिन्यात आला की स्वतः झावळ्या रोवतो. पोफळीची नवी रोपे यंदा पोयीवर आली आहेत, आणि विहिरीचे पाणी अजून गोड आहे.